म्हातारपणाची पुंजी आणि आयकर

आयकर वाचवणे आणि म्हातारपणासाठी पैसा बाजूला टाकणे ही खरे तर दोन वेगळी कामे. पगारदार मराठी घरांत मात्र ती कितीतरी वर्षे एकाच जोखडाला जुंपलेली राहिली. जानेवारी उजाडला की शाळेच्या स्टाफरूममध्ये विमा एजंटांची ये-जा सुरू व्हायची. फेब्रुवारीच्या पगारातून वर्षभराचा उरलेला कर एकदम कापला जायचा, आणि तो टाळायचा म्हणून पीपीएफ, बचत प्रमाणपत्रे, विम्याचा हप्ता अशी जमेल तिथे रक्कम भरली जायची. बचत व्हायची, पण ती कराच्या धाकाने. २०२० साली सरकारने आयकराची नवी करप्रणाली आणली. तीत दर कमी होते, पण बहुतेक वजावटी नव्हत्या. २०२३ मध्ये तीच मूळ प्रणाली ठरली, आणि जुनी हवी असेल तर ती मुद्दाम मागावी लागू लागली. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तर मध्यम पगाराच्या माणसासाठी जोखड जवळजवळ काढूनच टाकले. कर वेगळा आणि म्हातारपण वेगळे, असा हिशेब आता मांडावा लागतो.

तो मांडताना कमाई कुठून येते हे आधी पाहावे लागते, कारण कायदा माणसाला नव्हे, उत्पन्नाच्या प्रकाराला विचारतो. शहापूर तालुक्याच्या पूर्वेला, आजोबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरचे डोळखांब आणि पलीकडचा मुरबाड तालुका या पट्ट्यात कमाईचे जवळपास सगळे प्रकार सापडतात. भात, नागली, वरईची शेती आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा आहेत. आसनगावहून लोकल पकडून कल्याण-मुंबईला जाणारे नोकरदार आहेत, मुरबाड एमआयडीसीतले कामगार आहेत, तानसा तलावावर मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात राबलेले निवृत्त आहेत. हंगामात वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आहेत. आणि अलीकडे समृद्धी महामार्गात जमीन गेल्याने एकदम मोठी रक्कम हाती आलेले शेतकरीही आहेत.

शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून पूर्ण मुक्त आहे. राज्यघटनेने शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवला आहे. पण शेतात घडणारी प्रत्येक कमाई शेतीची नसते. १९५७ साली राजा विनयकुमार सहस रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली: जमिनीची मशागत, पेरणी, लावणी अशी मूळ कामे माणसाने केलेली असली पाहिजेत. म्हणजे भात आणि भेंडीचे पैसे करमुक्त, पण माळावर आपोआप उगवलेले रानगवत कापून तबेल्यांना विकले तर ती कमाई या व्याख्येत बसत नाही. कोंबड्यांची शेड, दूध, वीटभट्टी, लग्नासाठी भाड्याने दिलेले फार्महाऊस यांचेही तसेच. रोपवाटिकेतल्या रोपांची विक्री मात्र कायद्याने शेतीतच धरली आहे.

करमुक्त म्हणजे हिशेबाबाहेर, असेही नाही. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि इतर उत्पन्न किमान मर्यादेच्या वर असेल, तर शेतीची रक्कम दर ठरवण्यापुरती मिळवली जाते. एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याचे करपात्र उत्पन्न १३ लाख आणि भाताचे १ लाख असेल, तर नव्या प्रणालीत आधी १४ लाखांवरचा कर काढतात, तो होतो ९०,०००. त्यातून ४ लाख अधिक १ लाख अशा ५ लाखांवरचा ५,००० वजा होतो. उरतात ८५,०००. शेती नसती तर कर ७५,००० आला असता. भातावर कर नाही हे खरे, तरी त्याने दहा हजारांचा बोजा वाढवलाच.

या भागात एक समज घट्ट रुजलेला आहे, की आदिवासींना आयकर लागतच नाही. अनुसूचित जमातींना आयकरातून सूट देणारे कलम आहे खरे, पण ते ईशान्येकडील ठरावीक राज्ये, सहाव्या अनुसूचीतील प्रदेश आणि लडाख एवढ्यापुरते आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्र असला तरी तो पाचव्या अनुसूचीखाली येतो. त्यामुळे महादेव कोळी, ठाकर किंवा वारली शिक्षकाला, तलाठ्याला वा पोलिसाला इतरांइतकाच कर लागतो. ‘आपल्याला माफ आहे’ या भरवशावर विवरणपत्र न भरणाऱ्याला विलंब शुल्काचा फटका बसतो, आणि कापला गेलेला कर परत मिळायचा राहतो तो वेगळाच.

जमिनीच्या पैशाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. ग्रामीण भागातील शेतजमीन ही आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. ग्रामीण कोणती, हे नगरपालिकेपासूनच्या सरळ रेषेतील अंतरावर ठरते: दहा हजार ते एक लाख लोकवस्तीच्या गावाच्या हद्दीपासून २ किलोमीटर, त्यापुढे दहा लाखांपर्यंत ६, आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८. डोळखांबच्या शेताला ही अडचण नाही. शहापूर किंवा मुरबाड नगरपंचायतीच्या हद्दीलगत जमीन असलेल्याने मात्र विक्रीआधी अंतर मोजून घेतलेले बरे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्यालाही आयकरातून सूट आहे, आणि आयकर खात्याच्या मध्यवर्ती मंडळाने २०१६ च्या परिपत्रकात ती मान्य केली आहे. मोबदला उशिरा मिळाला म्हणून वर मिळालेले व्याज मात्र इतर उत्पन्नात धरले जाते, आणि त्यातून सरसकट निम्म्याची वजावट मिळते.

खरी चूक पुढे होते. मोबदला करमुक्त, तर त्याचे व्याजही करमुक्त, अशी समजूत करून घेतली जाते. ५० लाख रुपये ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला साडेतीन लाख व्याज येते, आणि ते पूर्ण करपात्र आहे. साठीच्या आतल्या माणसाचे व्याज वर्षात ५०,००० च्या वर गेले की बँक १० टक्के कापते, पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. दुसरे उत्पन्न नसेल तर साडेतीन लाखांवर कर शून्यच आहे. कापलेले ३५,००० मात्र विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीत. सातबारावर चार भावंडांची नावे आणि सगळी रक्कम थोरल्याच्या खात्यात, हा तर घरोघरचा प्रकार. बँक सगळे व्याज थोरल्याच्या पॅनवर दाखवते, आणि कराची नोटीसही त्यालाच जाते. मोबदला ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या खात्यात ठेवला तर चौघांचीही व्याजे करमुक्त मर्यादेच्या आत राहतात. यात लबाडी काही नाही, कारण मालकी मुळातच चौघांची आहे. आपल्या वाट्याचे पैसे बायकोच्या नावावर ठेवून कर वाचत नाही. ते व्याज फिरून नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते.

पगारदारांकडे वळले की पहिला निर्णय करप्रणालीचा. २०२५-२६ च्या दरांनुसार नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढच्या दर चार लाखांना अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, आणि २४ लाखांपुढे ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतची करसवलत मिळून देणे शून्य होते. पगारातून ७५,००० ची प्रमाणित वजावट आधीच मिळत असल्याने पगारदाराला ही रेषा पावणेतेरा लाखांवर पडते. जुन्या प्रणालीत अडीच लाखांपर्यंत कर नाही, पाच लाखांपर्यंत ५ टक्के, दहा लाखांपर्यंत २० आणि त्यापुढे ३० टक्के. तिची सगळी ताकद वजावटींत आहे: ८० सी खाली दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, म्हणजे एनपीएसचे, जादा ५०,०००, आरोग्यविमा, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, घरभाडे भत्ता.

वर्षाला ९ लाख पगार असलेली डोळखांबची शिक्षिका घेऊ. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता ८,२५,००० उरतात. कर निघतो २२,५००, तो सवलतीत विरून जातो, आणि देणे शून्य. जुन्या प्रणालीत तिने ५०,००० ची प्रमाणित वजावट, व्यवसाय कराचे २,५००, ८० सीचे पूर्ण दीड लाख आणि एनपीएसचे ५०,००० असे सगळे वापरले, तरी ६,४७,५०० उरतात, आणि उपकरासह कर होतो ४३,६८०. म्हणजे दोन लाख रुपये अडकवून ४४ हजारांचा कर, नाहीतर काहीही न अडकवता शून्य. असे असूनही जुन्याच प्रणालीला चिकटून राहणारे आहेत. सवय, दुसरे काय.

पगार १५ लाखांवर नेला तर लढत थोडी चुरशीची होते. नव्या प्रणालीत उपकराआधी कर ९३,७५०. जुन्या प्रणालीत तेवढ्यावर यायचे तर प्रमाणित वजावट धरून एकूण ५,९३,७५० रुपयांच्या वजावटी गोळा कराव्या लागतात. दीड लाखांचे ८० सी, ५० हजारांचे एनपीएस, दोन लाखांचे गृहकर्ज व्याज आणि २५ हजारांचा आरोग्यविमा, वर ५० हजारांची प्रमाणित वजावट धरूनही बेरीज पावणेपाच लाखांवरच थांबते. उरलेले लाख-सव्वा लाख फक्त घरभाड्यातूनच येऊ शकतात. कल्याण-ठाण्यात भाड्याने राहणाऱ्याला ते जमेल. गावच्या स्वतःच्या घरात राहणाऱ्याला नाही.

बारा लाखांबाबत दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. ही सूट नव्हे, सवलत आहे. विवरणपत्र भरण्याची मर्यादा ४ लाखांचीच राहते, म्हणून कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते. शिवाय शेअरविक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर ही सवलत चालत नाही. दुसरी गोष्ट, रेषा ओलांडली की खड्ड्यात पडलो, असे होत नाही. करपात्र उत्पन्न १२ लाख १० हजार झाले तर दरपत्रकाने कर ६१,५०० येतो, पण कायदा तो वाढीव उत्पन्नाएवढा, म्हणजे १०,००० वरच थांबवतो.

नव्या प्रणालीत टिकून राहिलेली एक मोठी वजावट शिक्षकांच्या थेट कामाची आहे, आणि चुकाही तिथेच सर्वाधिक होतात. एनपीएसमध्ये कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के भरतो आणि शासन १४ टक्के. शासनाचा वाटा हा कायद्याने पगाराचाच भाग, म्हणून तो आधी उत्पन्नात मिळवायचा, आणि मग तेवढाच वजा करायचा. वर्षभराच्या हिशेबात तो मिळवला जातो आणि वजा करायचा राहून जातो, असे घडले तर काय होते पाहा. एका मुख्याध्यापकाचा पगार १२,७५,००० आणि शासनाचा वाटा १,५०,०००. बरोबर हिशेबात १४,२५,००० मधून ७५,००० आणि १,५०,००० गेले की १२ लाख उरतात, कर शून्य. वजावट विसरली तर करपात्र रक्कम साडेतेरा लाख होते आणि उपकरासह कर ८५,८००. एका ओळीची किंमत पंच्याऐंशी हजार आठशे. अशी रक्कम फेब्रुवारीत कापली गेली असेल तर विवरणपत्र भरताना ती वजावट मागून परत मिळवता येते. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या १० टक्क्यांची वजावट मात्र फक्त जुन्या प्रणालीत.

आता म्हातारपणाच्या खात्यांकडे. कोणतेही निवृत्ती खाते तपासायला तीन दरवाजे पाहावेत: पैसा आत जाताना, आत वाढताना आणि बाहेर येताना. प्रत्येक दरवाजावर सरकार कर घेते किंवा सोडते. ही मांडणी कॅनडात अगदी स्वच्छ दिसते, आणि तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींच्या पालकांना ती ऐकून तरी ठाऊक असते. तिथली आरआरएसपी ही निवृत्ती बचत योजना १९५७ सालची. तीत मागील वर्षीच्या कमाईच्या १८ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल रकमेच्या आत, पैसे भरता येतात, आणि तेवढे उत्पन्न त्या वर्षी करातून वजा होते. आत वाढ करमुक्त, पण बाहेर काढताना प्रत्येक डॉलर उत्पन्न म्हणून करपात्र. वयाची ७१ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षअखेर ती बंद करून पैसे काढण्याच्या खात्यात वळवावीच लागते. २००९ साली आलेले टीएफएसए हे करमुक्त बचत खाते याच्या नेमके उलट. भरताना सवलत काही नाही, पण वाढ आणि उचल दोन्ही करमुक्त, आणि २०२५ साठी मर्यादा ७,००० डॉलर. ज्याला आज कराचा दर चढा आणि म्हातारपणी उतरता असेल त्याने पहिल्यात भरावे, आज दर कमी असेल त्याने दुसऱ्यात, असा तिथला साधा ठोकताळा आहे. या दोन्हींच्या खाली नोकरदार आणि मालक दोघांनी सक्तीने भरायचा कॅनडा पेन्शन प्लॅन असतोच.

आपल्याकडचे पीपीएफ १९६८ च्या कायद्याने आले, आणि जुन्या प्रणालीत त्याचे तिन्ही दरवाजे मोकळे होते. जगात असे उदार खाते क्वचित आढळते. नव्या प्रणालीत पहिला दरवाजा बंद झाला. भरताना वजावट नाही, पण व्याज आणि मुदतपूर्तीची रक्कम अजूनही करमुक्त. म्हणजे दिल्लीने फारसा गाजावाजा न करता पीपीएफचे टीएफएसए करून टाकले. सवलत गेली म्हणून खाते बंद करायला निघालेल्यांच्या ध्यानात हा भाग येत नाही. खाते पंधरा वर्षांचे, वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख, एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, आणि न्यायालयाच्या हुकुमानेही कर्जवसुलीसाठी त्यावर जप्ती येत नाही. व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजतात. म्हणून वर्षाचे पैसे ५ एप्रिलच्या आत भरणाऱ्याला बाराही महिन्यांचे व्याज मिळते, आणि मार्चअखेर धावपळ करणाऱ्याचे अकरा-बारा महिन्यांचे बुडते. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात १२,००० भरले तर आजच्या दराने पंधरा वर्षांत सुमारे सव्वातीन लाख होतात. दीड लाख भरले तर ४० लाख ६८ हजार. २०२० पासून गावच्या शाखा डाकघरातही हे खाते उघडण्याची सोय आहे. त्यासाठी शहापूरची एसटी पकडायची गरज नाही.

परदेशी गेलेल्याला मात्र अनिवासी झाल्यावर नवे पीपीएफ उघडता येत नाही. जुने मुदत संपेपर्यंत चालवता येते, पुढे वाढवता येत नाही. कॅनडाचा करनिवासी झालेल्याला जगभरातील उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि इथे करमुक्त असलेले पीपीएफचे व्याज तिथे करपात्र ठरते. नोकरीनिमित्त तात्पुरते गेलेल्यांसाठी दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षा करार आहे, तो ऑगस्ट २०१५ पासून लागू झाला.

एनपीएस हे आरआरएसपी आणि टीएफएसए या दोन टोकांच्या मध्ये बसते. शासकीय कर्मचाऱ्याला साठीला जमा रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी मिळतात, तेही करमुक्त. किमान ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते, आणि तिची मासिक रक्कम पगारासारखी करपात्र असते. महाराष्ट्रात हा विषय नुसत्या कराचा कधीच नव्हता. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली आणि परिभाषित अंशदान योजना, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली डीसीपीएस, लागू झाली. पुढे ती एनपीएसमध्ये वर्ग झाली. एकाच शाळेत २००४ साली लागलेल्या गुरुजींना शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, आणि २००६ साली लागलेल्यांना बाजारावर ठरणारी पुंजी, ही तफावत मार्च २०२३ च्या राज्यव्यापी संपाच्या मुळाशी होती. २००५ च्या त्या तारखेआधी जाहिरात निघालेल्या पदांवर नंतर रुजू झालेल्यांना २०२४ च्या सुरुवातीला जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने केंद्राच्या धर्तीवरील एकीकृत निवृत्तीवेतन योजनाही स्वीकारली. तीत पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे वेतन आणि किमान दहा वर्षे सेवा झालेल्याला महिना १०,००० ची हमी आहे.

मुरबाड एमआयडीसीतल्या कामगाराचे म्हातारपण ‘फंडा’त, म्हणजे भविष्य निर्वाह निधीत, असते. १५,००० मूळ वेतनावर त्याचे १,८०० कापले जातात आणि कंपनी तेवढेच घालते. पण कंपनीच्या वाट्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि फंडात ५५०. महिन्याला जमा होतात २,३५०. वेतन आणि ८.२५ टक्के व्याज तसेच राहिले असे धरले, तर वीस वर्षांत पावणेचौदा लाखांच्या आसपास रक्कम उभी राहते. हेच पैसे दर पाच वर्षांनी नोकरी बदलताना काढले, तर प्रत्येक वेळी पावणेदोन लाखांच्या आतच हाती येतात. चार वेळचे मिळून सात लाखांनाही पोहोचत नाहीत. घराचे पत्रे, बहिणीचे लग्न, भावाचा दवाखाना ही कारणे खोटी नसतात. पण निम्मी पुंजी त्यांत जाते, तीही न दिसता. पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी काढलेला फंड करपात्र ठरतो, आणि रक्कम ५०,००० किंवा अधिक असेल तर पॅन असूनही १० टक्के कापले जातात. ठेकेदार बदलला तरी यूएएन क्रमांक तोच ठेवून जुने खाते नव्यात वर्ग केले, तर सेवा सलग धरली जाते. पेन्शनचे सूत्र मात्र तोकडे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. निव्वळ या सूत्राने वीस वर्षांना १५,००० वर महिना ४,२८६ रुपये. किमान दहा वर्षे भरली नाहीत तर तेही नाहीत.

वीटभट्टीवर जाणारा, शेतमजूर, दुकानात काम करणारा अशांना ना फंड ना करसवलत. त्यांच्यासाठी मे २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना सुरू झाली. १८ ते ४० वयात सामील व्हायचे, साठीनंतर महिना १,००० ते ५,००० ची हमी. अठराव्या वर्षी ५,००० ची निवड केली तर हप्ता महिना २१०, चाळिसाव्या वर्षी १,४५४. नवरा-बायको दोघांच्या पश्चात वारसाला साडेआठ लाख. ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना तीत प्रवेश नाही. योजना चांगली, पण रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. अठराव्या वर्षी भरू लागलेल्याला बेचाळीस वर्षांनी ५,००० मिळतील, आणि महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर त्यांची किंमत आजच्या ४३० रुपयांइतकी असेल. हप्ते हंगामी कमाईच्या माणसाला तिमाही किंवा सहामाहीही भरता येतात. भट्टीची उचल हातात येते त्याच महिन्यात ते कापले जातील असे ठेवणे सोयीचे पडते.

निवृत्तीनंतर करनियोजन संपत नाही, उलट ते सोपे होते. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कर्मचाऱ्याला मिळणारे उपदान पूर्ण करमुक्त आहे. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी वर्षाला २,४६,००० व्याज, दर तिमाहीला ६१,५००. पेन्शन वर्षाला ६ लाख धरली तर एकूण ८,४६,०००, आणि पेन्शनवरही ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळत असल्याने करपात्र ७,७१,०००. नव्या प्रणालीत कर शून्य. तरीही ज्येष्ठांचे व्याज १ लाखाच्या वर गेले की डाकघर किंवा बँक १० टक्के कापणारच, म्हणजे २४,६००. कर लागत नसल्याचा जो अर्ज आजवर १५ एच म्हणून ओळखला गेला, तो एप्रिलमध्येच दिला तर ही कपात टळते. दिला नाही, तर परताव्यासाठी विवरणपत्र.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो हे सगळ्या पेन्शनरांना ठाऊक असते. कुटुंब निवृत्तीवेतनाची तयारी मात्र बहुतेकांची अर्धवट असते. नवऱ्याच्या पश्चात पत्नीला मिळणाऱ्या या रकमेवर ७५,००० ची वजावट लागू नाही. नव्या प्रणालीत रकमेचा एक तृतीयांश किंवा २५,००० यांतील जे कमी असेल तेवढेच वजा होते. आणि ती रक्कम सुरू होण्याआधीच अडते ती नावावर: सेवापुस्तकात माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत लाडाचे. ही दुरुस्ती गुरुजी सेवेत असताना गटशिक्षण कार्यालयात एका अर्जावर होते. त्यांच्यामागे तीच करायला राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि शहापूरच्या फेऱ्या लागतात.